बैल बसलेली गिटार

“पोरी, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही!” पास्कूबाबांनी व्हिडिओ कॉलवर सुरुवात केली. त्यांनी ऑनलाइन विकलेली जुनी गिटार केतकीने खोक्यातून काढली, तर पाठीला डिंकाने बुजवलेला वीतभर तडा. जाहिरातीतल्या फोटोत तो कुठेच नव्हता. आता गिटार परत पाठवायला पोरगी खोकं बांधत होती.

“वसईतलं लग्न. मी वाजवतोय, अन् उधळलेला बैल थेट मांडवात! दमून टेकला तो नेमका हिच्यावर. तरी सूर हलला नाही!”

केतकीला हसू फुटलं. हातातली चिकटपट्टी तिने खाली ठेवली. विक्री वाचलेली पाहून बाबांना चेव आला. “बैल तरी केवढा? हा असा, दाराएवढा!”

मागून त्यांची बायको कडाडली, “बैल कुणाला म्हणता हो? गिटारीवर बसले होते ती मी!”