काड्यांचा पूल
ओहायोत अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत शाळा सोडता येत नाही, एवढ्याचसाठी माझा नातू शंतनू शाळेत जात होता. "बर्थडेपासून मी फ्री, आजी!" रोज बजावायचा. त्याच्या बाबाने आशाच सोडली होती. फिजिक्सच्या वर्गासाठी शंतनू आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल बांधत होता. मोडला की वैतागायचा. मी शेजारी बसून विचारायचे, "कुठून मोडला रे?" मग पुन्हा बांधायचा. वाढदिवस उजाडला. "झोपू दे त्याला," बाबा म्हणाला, "आता कायदाही अडवणार नाही." तेवढ्यात शंतनू पूल छातीशी धरून जिना उतरला. "आजी, दार उघड! आज यावर विटा ठेवून बघणार आहेत." "आणि तुझं फ्रीडम?" बाबाने विचारलं. "तेच तर, बाबा! आज मला कुणी पाठवत नाहीये." पूल उंच धरून तो पिवळ्या बसकडे धावला. बालवाडीच्या पहिल्या दिवशीसारखा बाबा हात हलवत राहिला.