मालिकेतली चूक

बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले, पण टीव्हीवर पोलिसांची मालिका लागली की त्यांची ड्युटी सुरू. "हे सायबरवाले खुनात अटक कशी करतात? आणि घरच्यांना न सांगता नेतात होय? काहीही दाखवतात लेकाचे!" ऐकून ऐकून आईही चुका काढण्यात तरबेज झाली.

आज मालिकेत आरोपी सापडेना, म्हणून पोलिसांनी त्याच्या भावालाच भरल्या ताटावरून उठवून नेलं.

"अहो, ही तर धडधडीत चूक! असं कुठे असतं का?" आई खूश होऊन म्हणाली.

बाबांनी टीव्ही बंद केला.



"असतं. मी ज्याला उठवलं, तो 'हात तरी धुऊ द्या' एवढंच म्हणत होता. मी तेही ऐकलं नाही."