पुढचा डावा

अर्धी भाकरी हातात असतानाच वनरक्षक देवाजी मडावी किंचाळला आणि डावं मनगट धरून आडवा झाला. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता.

"पुढचा का मागचा?" त्याच्या बायकोनं, सुगंधानं, चुलीपासून उठत विचारलं.

"पुढचा डावा. तारेचा फास आहे."

दोघांच्याही कानामागं जोडयंत्र बसवल्यापासून थोरली वाघीण जिथं दुखावेल, तिथंच देवाजी दुखायचा. शिकाऱ्यांच्या फासाची खबर याहून लवकर कुणाला लागत नसे. पण मागच्या साली एक वाघ फासात तडफडून मेला, तेव्हा त्याचा वनरक्षकही बाजेवरच गेला होता.

देवाजीनं खबर देताच वायरलेसवर वनखात्याचे जनावरांचे डॉक्टर ओरडले, "आम्हाला ती दिसतेय, पण नाला ओलांडायला अर्धा तास लागेल. ती जितके हिसके देईल, तितका फास आवळेल!"

"बंद करा ना जी ते यंत्र!" सुगंधा कळवळली.

"मंग ती एकटी पडन ना वं," देवाजी दात आवळून म्हणाला.

सुगंधानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोमट तेल मनगटावर चोळत ती पुटपुटत राहिली, "उगी, उगी. हलू नका."

थोड्या वेळानं डॉक्टरांचा आवाज आला, अगदी हळू. "गप पडलीय. डोळे मिटलेत. हे काय आक्रीत?"

थोरली वाचली. महिन्याभरानं साहेबांचं पत्र आलं: वाघीण दोन दिवसांपासून शिकार सोडून रुसून बसली आहे, तरी घरातलं भांडण त्वरित मिटवावं.

सुगंधानं पत्र दोनदा वाचलं आणि मुकाट्यानं देवाजीच्या ताटात गरम भाकरी वाढली.