सायलेन्सर

मास्तरांच्या चाळीस वर्षं जुन्या मोटरसायकलचा ओरिजिनल सायलेन्सर मेकॅनिकने एका शौकिनाला विकला आणि तिला हुबेहूब डुप्लिकेट बसवला. खालच्या बाजूला कंपनीचा शिक्का नव्हता, एवढाच काय तो फरक. तो वाकून बघणार कोण?

दुसऱ्याच दिवशी मास्तर दारात हजर. "आवाज बदललाय रे हिचा."

"सायलेन्सर तोच आहे, मास्तर. कान तपासून घ्या आता," तो हसत म्हणाला, पण त्याला नजर वर करवेना.

महिनाभर मन खात राहिलं. मास्तर पुन्हा आले, तेव्हा सगळं कबूल करायचं त्याने ठरवलं होतं. त्यांनी मात्र आधीच त्याच्या हातात चावी ठेवली.

"ज्याला स्वतःच्या गाडीचा आवाज ओळखू येत नाही, त्याने रस्त्यावर उतरू नये. तुझ्याइतका जीव हिला दुसरं कोण लावणार? ठेव तुलाच."