खंडेनवमीचं अपडेट

सीपीयूवरचं कुंकू अजून ओलं होतं. वर झेंडूचं फूल, समोर नारळ आणि स्क्रीन काळीठिक्कर. त्या काळ्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी उमटून जागच्या जागी थिजल्या होत्या. शिवलीलाबाईंनी बटण पुन्हा दाबलं. ओळी पुन्हा उमटल्या, पुन्हा थिजल्या.

"अपडेट चालू होतं ना?" त्यांचे यजमान, गुरुशांत सर, आतल्या खोलीच्या दारातून म्हणाले.

"खंडेनवमी आहे की आज. हत्यारं बंद ठेवूनच पुजायची असतात. म्हणून बोर्डावरचं बटण बंद केलं."

"बंद करू नका, असं स्क्रीनवर लिहिलेलं असतंय."

"विळीवर काही लिहिलेलं नसतंय."

"मग आता देवीलाच सांग, चालू कर म्हणून." सर आत गेले.

अलीकडे त्या घरात एवढ्या बोलण्याला गप्पा म्हणता आलं असतं. एरवी 'चहा', 'गॅस आला' आणि 'दार लावून घे' यांवर दिवस निघत.

रविवारी समाजाचा वधू-वर मेळावा होता आणि त्याची पुस्तिका करायचं काम बाईंनी अंगावर घेतलं होतं. मुलांचे फोटो, मुलींची शिक्षणं, 'स्वभाव मनमिळाऊ', 'जोडीदार बोलका हवा', सगळं त्या सीपीयूच्या पोटात होतं. दुसरीकडे कुठं काही ठेवलेलं नव्हतं. बाईंनी नवी पेठेतल्या दुकानात फोन लावला. विंडोज नाही, लिनक्स आहे म्हटल्यावर पलीकडचा माणूस म्हणाला, "फॉरमॅट मारू की, मावशी." सोलापुरात कुठल्याही आजारी कॉम्प्युटरला हे एवढंच औषध मिळतं. आजार जातो. आतलं सगळंही जातं.

घरात लिनक्स आणलं होतं सरांनी. फुकट मिळतं म्हणून नव्हे, तत्त्व म्हणून. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे तत्त्वं तेवढी उरली होती, आणि इंटरनेटवरचा एक मराठी मंच. तिथं लिनक्सनं गांजलेले लोक गाऱ्हाणी मांडत. मांडणारे पुष्कळ होते, निवारणारे जवळपास एकटे सर. दिवसभर आतून त्यांच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड वाजत राही.

बाईंनी तो मंच कधी उघडला नव्हता. आता फोनवर उघडला. नाव खोटंच घातलं, चंद्रिका, गाव मैंदर्गी. लिहिलं, अपडेट होताना लाईट गेली, आता मशीन चालू होत नाही. हे कारण आपल्या जिल्ह्यात कुणी तपासत नाही.

आतल्या खोलीत कीबोर्ड वाजू लागला. थांबला. बाईंच्या हातातला फोन थरथरला.

'घाबरू नका, ताई. यात तुमची काही चूक नाही. तुमचं काम आत सुखरूप असणार. आपण मिळून बघू.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. 'आपण मिळून' असं सरांना म्हणता येतं, ही त्यांना बातमी होती.

मशीन सुरू होताना एस्केपचं बटण दाबायचं, म्हणजे एक यादी येते, असं त्यांनी सांगितलं. यादी आली नाही. बाईंनी तसं कळवलं.

'पहिल्यांदा कुणालाच जमत नाही, ताई. घाई करू नका. मी इथंच आहे.'

बाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. होते.

थोड्या वेळानं ते पाणी प्यायला बाहेर आले. बाईंनी फोन पदराखाली घेतला. सरांनी तांब्या तोंडाला लावला, काळ्या स्क्रीनकडे पाहिलं. "अजून त्याच्याच मागं लागलीस? सोड की. तुला नाही जमायचं ते." तांब्या ठेवला आणि आत गेले. कीबोर्ड वाजला.

'जमतंय का, ताई? सोडून देऊ नका. तुम्हाला नक्की जमणार.'

या खेपेला यादी आली. नव्या आवृत्तीच्या खाली जुनी असते, ती निवडा, सरांनी लिहिलं. बिघाड नव्यात झालेला असतो, जुनी तशीच शाबूत असते. बाईंनी जुनी निवडली. मशीन कुरकुरत सुरू झालं. मग सरांनी टाईप करायला एक ओळ दिली. तिनं अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं केलं. बाईंनी मशीन बंद करून परत लावलं, तर ते काहीच घडलं नसल्यासारखं उघडलं. पुस्तिका जशीच्या तशी होती. लग्नाची मुलं-मुली आपापल्या चौकटीत हसत होती.

काम झालं होतं. बाईंनी उठून कुकर लावायला हरकत नव्हती. त्या उठल्या नाहीत. फोन पुन्हा थरथरला.

'अभिनंदन, ताई! पाहिलंत, जमलं की नाही? आणखी काही अडचण असेल तर मोकळेपणानं विचारा.'

इतक्या मोकळेपणानं त्यांना घरात कुणी 'विचारा' म्हटलं नव्हतं. बाई फोनकडे बघत बसल्या. मग त्यांनी लिहायला घेतलं.

'एक अडचण आहे, सर. पण लिनक्सची नाही. आमच्या घरात दोनच माणसं आहेत आणि त्यांचं बोलणं बंद पडलंय. भांडण झालेलं नाही. केव्हा बंद पडलं, तेही आठवत नाही. ते परत कसं चालू करायचं?'

पाठवून टाकलं.

आत कीबोर्ड वाजू लागला. मध्येच थांबला. एकच बटण बराच वेळ टकटक वाजलं, लिहिलेलं खोडावं तसं. बाई भिंतीला पाठ टेकून बसून राहिल्या. कीबोर्ड पुन्हा वाजला, अगदी थोडाच, आणि फोन थरथरला.

'ताई, आमच्याकडंही हीच अडचण आहे. उपाय सापडला तर कृपया मलाही कळवा.'