नाथाजी गुरुजींची नोंद

गुरुजींनी रजिस्टर उघडलं. पानावरच्या शेवटच्या ओळीखाली लाकडी फूटपट्टी ठेवली आणि वरच्या ओळी तळहाताने झाकल्या. नजर भरकटू नये म्हणून ही त्यांची जुनी सवय.

"वाचा. जन्मसाल दोन हजार आठ. माझ्या हातची नोंद आहे."

सांगलीतल्या त्या खोलीत चारच माणसं होती. निवड समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक नाथाजी गुरुजी, कवठे महांकाळकडच्या धनगरवस्तीवरची हरणाबाई आणि तिची लेक पूजा. पावणेसहा फुटांची पूजा त्या खुर्चीत मावत नव्हती. सोळा वर्षांखालील मुलींच्या आशियाई बास्केटबॉल स्पर्धेसाठी भारताच्या बारा जणींत तिचं नाव आलं होतं. अट एकच होती, जन्म दोन हजार नऊचा किंवा त्यानंतरचा हवा.

टेबलावर दुसरा कागद होता. सीमेपलीकडच्या एका गावचा कानडी जन्मदाखला, मार्च दोन हजार नऊचा. प्रत मात्र गेल्याच महिन्यात काढलेली.

मेलेली पाल उचलावी तसा गुरुजींनी तो चिमटीत धरला.

"हरणाबाई, शाई तरी वाळू द्यायची होती."

"आवं गुरुजी, मेंढरं घिऊन तिकडं गेल्तो तवाच झाली ही. शिमग्याच्या दुसऱ्या दिशी. तिथल्या नर्सबाईनं कागदावर घेतलं. पासपोर्टाला पायजे म्हणून आता आणलं."

"कुठल्या साली?"

हरणाबाई बोटांवर शिमगे मोजू लागली.

"शिमगा दरसाल येतो," गुरुजी अध्यक्षांना म्हणाले.

"आई खोटं बोलत न्हाई, गुरुजी," पूजा म्हणाली. "तुमीच मला शाळंत घातलंसा."

"त्याचीच लाज वाटते."

गुरुजींना खरोखरच किळस आली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातवाला चौदा वर्षांखालच्या सामन्यात हरवणारी पोरं त्यांनी एसटी स्टँडवरच्या नळाशी दाढी करताना पाहिली होती. तेव्हापासून पदकं गळ्यात घातलेल्या पोरांचे फोटो पेपरात दिसले की ते पान उलटायचे. पूजाच्या अभिनंदनाचा फलक वस्तीच्या फाट्यावर लागला, त्याच दिवशी त्यांनी तक्रार टपालात टाकली.

त्यांच्यावर अविश्वास दाखवायला जागा नव्हती. पट वीसच्या खाली गेल्यामुळे वस्तीवरची शाळा बंद पडणार होती, त्या जून महिन्यात त्यांनी मेंढपाळांच्या तळातळावर फिरून एका आठवड्यात अकरा मुलं पहिलीत बसवली होती. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या रजिस्टरात एकही खाडाखोड नव्हती.

अध्यक्षांनी चष्मा काढला.

"रजिस्टर अकरा वर्षांपूर्वीचं आहे, दाखला महिन्याभराचा. माझा नाइलाज आहे."

त्यांनी यादीतल्या एका नावावर रेघ मारली.

पूजा उठली. "जर्सी परत द्यायची का?"

तिने पिशवीतून निळी जर्सी काढली, नीट घडी घालून रजिस्टरवर ठेवली. गुरुजींनी ती एका बोटाने बाजूला सारली.

"चल गं," हरणाबाई म्हणाली. दारात थांबून ती वळली. "गुरुजी, तुमच्या पायावर घातली हुती ही. ध्यानात हाय न्हवं?"

"सगळं ध्यानात आहे. म्हणून तर आलो."

दुसऱ्या दिवशी गुरुजी रजिस्टर परत द्यायला शाळेत गेले. आताच्या मुख्याध्यापिका तहरीम मॅडम यांनी त्यांना चहा दिला.

"गुरुजी, समितीचा फोन होता. एका ओळीवर भागत नाही म्हणे, फायलीला अख्ख्या पानाची प्रत पाहिजे. खाली तुमची सही लागेल."

"द्या की. खरी नोंद कशी असते, बघू दे दिल्लीलाही."

मॅडमनी पान उघडलं आणि फोटो काढायला मोबाइल वर धरला. मग तो तसाच खाली ठेवला.

"काय झालं?"

त्यांनी रजिस्टर फिरवून गुरुजींपुढे सरकवलं. जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि ते सावकाश खाली नेलं.

त्या वर्षी पहिलीत दाखल झालेली अकरा मुलं त्या पानावर होती. गुरुजींच्या वळणदार अक्षरात, एकाखाली एक, अकराही जणांचा जन्म एक जून दोन हजार आठ रोजी झाला होता.