दूध आवडतं का?

राज्यांची फेररचना झाली त्या वर्षी बऱ्हाणपुरात लोधीपुऱ्याच्या शाळेत परदेशातून मदतीच्या दूधपावडरचे डबे येऊ लागले. एकदा मदत पाठवणाऱ्या संस्थेच्या मडम पाहणीला आल्या. शाळेतल्या इंग्रजी येणाऱ्या शिक्षिका रजनीबाई दुभाषी झाल्या. मडमनी पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारलं, दूध आवडतं का? मुलगी म्हणाली, “नाही बाई, वास मारतो. नाक दाबून पिते.” हेडमास्तर हळूच म्हणाले, “आवडतं म्हणून सांगा. नाहीतर डबे बंद होतील.” रजनीबाई घुटमळल्या. बरीच मुलं सकाळी उपाशीच येत. तरी त्यांनी मुलीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. वर म्हणाल्या, “पण दूध थांबवू नका.” मडमनी स्वतः घोट घेतला. तोंड वाकडं झालं. “अकरा शाळांत दूध आवडतं असंच ऐकलं,” त्या म्हणाल्या. “यात काय घालू या?” रजनीबाईंनी मराठीत विचारताच मुलांच्या आधी हेडमास्तर म्हणाले, “गूळ.”